जीव टांगणीला, कापड आकड्यांना

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात तो इंग्रजी पत्रव्यवहार बघतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाला नमुने पाठवून तीन आठवडे झाले होते, तिकडून काहीच कळत नव्हतं आणि मालक रोज सकाळी त्यालाच विचारत होते. त्यानं मोबाईलवर ई-मेलचा मसुदा पुढे केला. "मॅडम, एकदा नजर घाला की. शेवटचं वाक्य जरा भारी लिहिलंय."

वाक्य असं होतं: 'वी आर ऑन टेंडरहुक्स, अवेटिंग फॉर युवर ऑर्डर विथ बेटेड ब्रेथ.' म्हणजे तुमच्या ऑर्डरची वाट बघत आमचा जीव टांगणीला लागलाय. टेंडर हा शब्द त्यानं सरकारी टेंडरच्या स्पेलिंगनं लिहिला होता आणि 'बेटेड'मध्ये ए-नंतर एक आय घातला होता. एका वाक्यात तीन चुका. तिसरी 'अवेटिंग फॉर'ची, तिच्याकडं पुढे येते. पण स्पेलिंगच्या या दोन अशा की जन्मानं इंग्रजी बोलणारी माणसंही त्या रोज करतात. हे शब्द आपण आधी कानानं ऐकतो आणि मग त्यातल्या त्यात ओळखीचं स्पेलिंग लावून टाकतो, म्हणून तसं होतं.

"टेंडर का लिहिलंस?" मी विचारलं.

"टेंडर निघालं की सगळेच लटकून बसतात ना मॅडम, कुणाला मिळतंय काय की. मला वाटलं, त्याच्यावरूनच आलं असंल."

त्याचा तर्क मला आवडला. शब्दामागे काहीतरी चित्र असणार, हे त्याला कळलं होतं, फक्त चित्र चुकीचं हाती लागलं होतं. खरं चित्र तर तो रोज कारखान्यात बघतो. मी त्याला एवढंच विचारलं, "ओल्या कापडाची रुंदी कुठं नीट करता तुम्ही?"

"स्टेंटरला."

स्टेंटर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. धुऊन, रंगवून निघालेलं कापड ओढाताणीनं वेडंवाकडं झालेलं असतं. ते या लांबलचक यंत्रात शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंना फिरत्या साखळ्या असतात. साखळ्यांवरच्या पिना किंवा चिमटे कापडाचे दोन्ही काठ पकडतात, हवी तेवढी रुंदी येईपर्यंत कापड ताणतात आणि तसंच ताणलेलं ते गरम हवेतून पुढे नेतात. बाहेर पडतं ते सरळ, एका मापाचं.

यंत्रं यायच्या आधी इंग्लंडमध्ये हेच काम उघड्या मैदानात चालायचं. तिथला मोठा धंदा लोकरीच्या कापडाचा. विणलेलं कापड पाण्यात तुडवून, कुटून घट्ट करायचे. त्यात तेल-मळ निघायचा, पण कापड आटायचं. ते तसंच वाळलं असतं तर कुठं आखडलं, कुठं फुगलं असं झालं असतं. म्हणून मैदानात लाकडी खांब पुरून वर-खाली आडव्या पट्ट्या बसवलेल्या असत. पट्ट्यांवर काटकोनात वाकवलेल्या खिळ्यांची रांग असे. ओलं कापड वरच्या आणि खालच्या खिळ्यांत अडकवायचं, ताणायचं आणि ऊन-वाऱ्यात तसंच सोडून द्यायचं. त्या चौकटीला टेंटर म्हणत आणि त्या खिळ्यांना टेंटरहुक्स. लंडनच्या स्पिटलफील्ड्स या जुन्या विणकर वस्तीत टेंटर ग्राउंड नावाचा रस्ता आजही आहे.

माणूस निकालाची वाट बघताना असाच दोन्हीकडून ताणलेला असतो, सुटका नसते आणि वाळेपर्यंत थांबावंच लागतं. म्हणून 'ऑन टेंटरहुक्स'. अठराव्या शतकापासून इंग्रजीत हा प्रयोग या अर्थानं रुळलेला आहे.

चित्र एकदा डोळ्यांपुढं आलं की व्याकरण वेगळं पाठ करावं लागत नाही. कापड आकड्यांवर असतं, म्हणून 'ऑन', 'इन' किंवा 'अॅट' नाही. एका आकड्यावर कापड ताणलं जात नाही, म्हणून नेहमी अनेकवचन. आणि टेंटरमध्ये डी नाही, टीच आहे, कारण मुळात लॅटिनमधला 'ताणणे' या अर्थाचा शब्द आहे. टेन्शन, एक्स्टेन्शन, अटेन्शन हे सगळे त्याच घरातले.

आणि इथं मला दरवेळी आनंद होतो, वर्गात सांगताना आवाज चढतो. हा लॅटिन धातू आणि संस्कृतमधला 'तन्' हे एकाच मुळातून आलेले आहेत. तंतू, ताण, तणाव हे आपले शब्द त्या 'तन्'चे. मागावर उभा लावतात तो ताणाही त्याचाच. शहराच्या पूर्व भागातल्या माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या आजोबांनी हातमागावर आयुष्य काढलं. त्यांच्या घरात माग होता, ताणा होता, आडवा बाणा होता, धोटा होता. घोंगडी विणणारे आजही ताणा बाहेर उन्हात पसरून त्याला चिंचोक्याची खळ लावतात. ज्यानं ते पाहिलंय त्याला 'टेंटरहुक्स' परका वाटायचं कारण नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला जे शब्दकोशात शोधावं लागतं, ते विणकराच्या मुलाला घरीच दिसलेलं असतं. हे मी त्यांना मुद्दाम सांगते, कारण त्यांना इंग्रजीपुढे उगाच लहान वाटत राहतं.

आता 'बेटेड'. माझ्या विद्यार्थ्यानं घातलेल्या आयमुळे अर्थ झाला, गळाला आमिष लावलेला श्वास. खरा शब्द बी-ए-टी-ई-डी. पाऊस ओसरला, वादळ शमलं, वेदना कमी झाली, या अर्थानं इंग्रजीत 'अबेट' म्हणतात. त्याच्या सुरुवातीचा ए झिजून गेला आणि 'बेट' उरलं. बेटेड ब्रेथ म्हणजे कमी केलेला, आवरलेला श्वास. आपण 'श्वास रोखून' म्हणतो, त्याच्या अगदी जवळचं.

स्पेलिंग लक्षात ठेवायची युक्ती आपल्या बाजारातच आहे. दिवाळीच्या आधी हातमाग कापडाच्या दुकानावर 'रिबेट' असा फलक लागतो. रिबेट म्हणजे किमतीत कपात. त्यातला शेवटचा 'बेट' आणि बेटेड ब्रेथमधला 'बेट' एकच आहे, दोन्ही शब्द 'खाली पाडणे' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दातून आलेले. रिबेटमध्ये आय नाही, तसा बेटेडमध्येही नाही. हे सांगितलं तेव्हा तो विद्यार्थी काही क्षण गप्प बसला आणि मग म्हणाला, "मॅडम, आमच्या गल्लीत तर वर्षातनं दोनदा लागतो की तो बोर्ड."

या शब्दाची जुनी नोंद शेक्सपिअरच्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' या नाटकात सापडते. सावकार शायलॉक म्हणतो, मी काय आता गुलामासारखा वाकून, 'विथ बेटेड ब्रेथ अँड व्हिस्परिंग हम्बलनेस' बोलू? तिथं उत्कंठेचा संबंधच नाही. तिथं श्वास आवरलाय तो लाचारीनं, आवाज खाली आणून. वाट पाहण्याचा अर्थ नंतर चिकटला आणि आज तोच उरला. आता हा शब्द ब्रेथशिवाय कुठंच एकटा दिसत नाही. शिवाय 'ब्रेथ' लिहिताना शेवटी ई लावू नका. ई लावला की ते 'ब्रीद' होतं, श्वास घेण्याची क्रिया. ही चूकही बऱ्याच वेळा दिसते आणि स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअरही ती बऱ्याचदा सोडून देतं, कारण दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत.

वापरायचा कुठं? सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम प्रदीपनाच्या रात्री वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यापुढं धान्य ठेवतात आणि ते काय करतं यावरून येत्या वर्षाचं पाऊसपाणी आणि भाव सांगतात. त्या क्षणी गर्दीचं काय होतं ते सोलापूरकराला सांगायला नको. तिथं लिहावं, 'द क्राउड वॉच्ड द काफ विथ बेटेड ब्रेथ.' हजार माणसं, सगळ्यांची नजर एका वासराच्या तोंडाकडं आणि कुणाचा आवाज नाही. असा प्रसंग असेल तरच हा शब्द शोभतो.

पण टॉवेलच्या ऑर्डरसाठी? नाही. स्पेलिंग दुरुस्त करूनही मी ते वाक्य काढायला लावलं. 'आम्ही आकड्यांवर ताणले गेलोय, श्वास रोखून बसलोय' असं गिऱ्हाइकाला लिहिलं तर त्याला कळतं की यांना दुसरं गिऱ्हाईकच नाही. मग तो भाव पाडून मागणार. त्या जागी साधं लिहावं, 'वी लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.' इथं 'हिअरिंग'च, नुसतं 'हिअर' नाही. नाहीतर 'वी अवेट युवर रिप्लाय'. अवेटच्या पुढे 'फॉर' लागत नाही, वाट पाहण्यातला 'फॉर' त्याच्या पोटातच आहे. 'फॉर' हवा असेल तर 'वेटिंग फॉर' लिहावं. 'अवेटिंग फॉर' हा आपल्या कार्यालयांतला पक्का मुरलेला दोष आहे, आणि तो काढायला एक दिवस पुरतो.

तसाच अर्जाच्या शेवटी येणारा 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन'. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात चूक नाही, पण त्याचा सूर 'तुम्ही करणारच, म्हणून आधीच आभार' असा होतो. अँटिसिपेट म्हणजे पुढं काय होणार ते आधीच हेरणं, बहुतेकदा त्याची तयारी करून ठेवणं. उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्याच्या खाली, जाणार हे ओळखून कुणी फेब्रुवारीतच टाक्या भरून ठेवल्या तर त्यानं टंचाई अँटिसिपेट केली. नुसती पावसाची वाट बघत बसला तर नाही.

आता वाट पाहण्याच्या शब्दांतल्या मुख्य शब्दाकडं येते, सस्पेन्स. हा मराठीत इतका मुरला आहे की त्याचा इंग्रजीतला अर्थ वेगळा आहे हेच आपण विसरलो. आपण म्हणतो, "पिक्चर बघितलास का? सस्पेन्स सांगू नको हां." म्हणजे आपल्याकडं सस्पेन्स म्हणजे दडवलेलं गुपित, खुनी कोण ते. याचं शब्दशः इंग्रजी करून मुलं लिहितात, 'प्लीज डू नॉट टेल द सस्पेन्स.' इंग्रजी वाचणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याच्या भाषेत सस्पेन्स ही सांगण्याची वस्तूच नाही. ती बघणाऱ्याच्या मनाची अवस्था आहे, टांगलेपणाची. गुपिताला म्हणायचं ट्विस्ट, किंवा शेवट असेल तर एंडिंग. 'डू नॉट गिव्ह अवे द एंडिंग' हे बरोबर. आणि गुपितावर उभ्या असलेल्या गोष्टीला मिस्टरी.

नुसता धक्का, म्हणजे सरप्राइज, आणि सस्पेन्स यांत फरक काय, हे कळायला दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी दिलेलं उदाहरण सगळ्यात उपयोगी आहे. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो यांच्याशी बोलताना त्यांनी ते सांगितलं. काही माणसं टेबलाभोवती गप्पा मारत बसली आहेत. टेबलाखाली बॉम्ब आहे, पण प्रेक्षकाला ते माहीत नाही. अचानक स्फोट होतो. प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो, तो सरप्राइज. आता तीच माणसं, त्याच गप्पा, पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकानं पाहिलंय आणि भिंतीवर घड्याळ आहे. त्याच निरस गप्पा आता पंधरा मिनिटं खिळवून ठेवतात, कारण पडद्यावरच्या माणसांना ओरडून सांगावंसं वाटतं. हा सस्पेन्स.

म्हणजे सस्पेन्ससाठी काहीतरी दडवावंच लागतं असं नाही. उलट काहीतरी सांगावं लागतं. उजनी भरणार की नाही, यात कुणी कुणापासून काही लपवलेलं नाही. धरणाची टक्केवारी रोज सकाळी पेपरात छापून येते. तरी जून-जुलैमध्ये अख्खा जिल्हा सस्पेन्समध्ये असतो. हे उदाहरण मी वर्गात दिलं की मुलांच्या डोक्यात लख्ख पडतं.

शब्दाचं मूळही तेच सांगतं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वर टांगणं. आणि आपण काय म्हणतो? जीव टांगणीला लागला. दोन भाषांना एकमेकींची ओळख नसताना तीच खुंटी सापडली. 'उत्कंठा' या शब्दात तर मान उंचावून बघणाराच दिसतो.

वापराचे दोन-तीन मुद्दे. 'डोन्ट कीप मी इन सस्पेन्स' यात नेहमी 'इन'. शेवटचं अक्षर सी-ई नाही, एस-ई. 'द मूव्ही वॉज व्हेरी सस्पेन्स' असं होत नाही, कारण तो विशेषण नाही. 'सस्पेन्सफुल' म्हणा, नाहीतर 'फुल ऑफ सस्पेन्स'. आणि सस्पेन्शन हा त्याचा सख्खा भाऊ असला तरी त्याचं काम निराळं आहे. गाडीचं सस्पेन्शन असतं, कर्मचाऱ्याचं सस्पेन्शन म्हणजे निलंबन असतं. निलंबित माणूस 'अंडर सस्पेन्शन' असतो, आणि चौकशीचा निकाल लागेपर्यंत बिचारा 'इन सस्पेन्स'ही असतो. या एका वाक्यात दोघांतला फरक बसतो.

ज्यांनी बाजारात हिशेब लिहिलेत त्यांना तिसरा अर्थही ठाऊक आहे, सस्पेन्स अकाउंट. रक्कम आली, पण कुणाची आणि कशापोटी हे कळत नाही, तेव्हा ती तात्पुरती तिथं टाकतात. मराठीत त्याला उचंत खातं म्हणतात. घरच्या खात्यावर जाईपर्यंत ती रक्कमही टांगलेलीच.

पिन्स अँड नीडल्सबद्दल थोडक्यात. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईच्या पायाला मुंग्या येतात, तेव्हा ती 'हॅज पिन्स अँड नीडल्स इन हर फूट'. तिच्या मुलीचा बारावीचा निकाल दुपारी लागायचा असेल तर सकाळपासून ती 'ऑन पिन्स अँड नीडल्स' असते. नुसत्या 'ऑन'नं पायाच्या मुंग्या मनात जातात. नर्व्ह-रॅकिंग म्हणजे जीव ताणून धरणारं, आणि त्यातला रॅक म्हणजे माणसाला ताणून छळायची चौकट. डब्ल्यू लावलेलं स्पेलिंगही आता शब्दकोशांत चालतं, तरी मी बिनडब्ल्यूचंच शिकवते, कारण त्यात ताण दिसतो. क्लिफहँगर, म्हणजे ऐन उत्कंठेच्या क्षणी तुटणारा भाग, जोडून लिहायचा. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मालिका-चित्रपटांमुळे तो रूढ झाला, तेव्हा भाग संपताना नायक खरोखरच कड्याला लटकलेला असायचा.

आपल्या भाषेतलं मात्र टाकून देऊ नये. 'देव पाण्यात घालून बसलो' याला इंग्रजीत तोड नाही. मुलं विचारतात, याचं काय लिहायचं? ई-मेलमध्ये काहीच नाही. पण निबंधात, आठवणीत, गोष्टीत जरूर लिहावं, की माझ्या आजीनं देव पाण्यात ठेवले होते, आणि का ठेवले तेही एका ओळीत सांगावं. 'ऑन टेंटरहुक्स' एका इंग्रज विणकराच्या मैदानातून आला, तसा आजीचा तांब्याही इंग्रजी वाक्यात येऊ शकतो. असं एखादं वाक्य वहीत सापडलं की मी लाल पेन बाजूला ठेवते.

टांगती तलवार हा मात्र उलटा प्रवास आहे. ती आपल्याकडं इंग्रजीतूनच आली, आणि इंग्रजीत ग्रीकांच्या एका गोष्टीतून. सिराक्यूजचा राजा डायोनिसियस याच्या वैभवाचा त्याच्या दरबारातल्या डॅमोक्लीसला हेवा वाटायचा. राजानं त्याला आपल्या आसनावर बसवलं आणि डोक्यावर घोड्याच्या एका केसाला तलवार टांगली. म्हणून इंग्रजीत 'सोर्ड ऑफ डॅमोक्लीस'. आपण ती परत इंग्रजीत नेताना 'हँगिंग सोर्ड' करतो आणि 'हँगिंग ऑन अवर हेड' लिहितो. यंत्रमागांच्या वीजदराबद्दलच्या कितीतरी निवेदनांत हे वाक्य मी दुरुस्त केलं आहे. 'ऑन' म्हटलं की तलवार डोक्याला टेकली. केस तुटलेला नाही, तलवार वर आहे, म्हणून 'ओव्हर'. 'द सोर्ड ऑफ डॅमोक्लीस हँग्ज ओव्हर अस.'

आणि हँगवरून एक शेवटचं, जे सोलापुरात तरी चुकू नये असं मला मनापासून वाटतं. टांगलेल्या वस्तूला इंग्रजीत 'हंग' म्हणतात, म्हणजे चित्र, पडदा, चादर. फाशी दिलेल्या माणसासाठी रूप वेगळं आहे, 'हँग्ड'. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला. पुढे स्वातंत्र्यलढ्यातल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. दर जानेवारीत, यात्रेच्याच दिवसांत, मुलं या चौघांवर इंग्रजी निबंध लिहितात आणि निम्म्या वह्यांत 'दे वेअर हंग' असतं. मी त्याच्यावर रेघ मारते आणि वर लिहिते, एच-ए-एन-जी-ई-डी.